बाई, तारण काय?

आमच्या घरात 'तारण' या शब्दाला एकच अर्थ होता. वडील मराठी मंडळींच्या एका सहकारी बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसत आणि संध्याकाळी इंदूरच्या रामबागेतल्या घरी चहा घेताना आजोबांना दिवसाच्या हकिकती सांगत. कुणी पाटल्या ठेवल्या, कुणाचं मंगळसूत्र दिवाळीच्या आत सुटलं, असं सगळं. त्यामुळे मिशनच्या शाळेत नववीला शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला बाईंनी फळ्यावर हिंदीत 'उद्धार' लिहिलं आणि आम्हा पाच-सहा मराठी मुलींकडे वळून "म्हणजे तारण, आणि ते फुकट आहे" असं सांगितलं, तेव्हा मला हसूच फुटलं.

"काय गं, काय झालं?"

"बाई, फुकटचं तारण कुठली बँक घेते?"

बाई मूळच्या नगरकडच्या. सगळा वर्ग त्यांना मिस म्हणायचा, आम्ही मराठी मुली बाई म्हणायचो. त्यांनी खडू खाली ठेवला आणि उलट मलाच विचारलं, "ज्याच्याकडे सोनं नाही, त्याला कर्ज कसं मिळतं?" मी म्हटलं, जामीन लागतो. "आणि जामीन राहिलेल्याने सगळं कर्ज स्वतः फेडून टाकलं तर?" मग मला बायबलातल्या इब्रीकरांस पत्राचा सातवा अध्याय काढायला लावला. तिथे येशूला नव्या कराराचा जामीन म्हटलं आहे. मला तो तास आजही आठवतो, कारण ख्रिस्ती धर्मातली एखादी गोष्ट मला वडिलांच्या टेबलाच्या भाषेत पहिल्यांदाच कळली होती.

शास्त्राचा तास आमच्या शाळेत आठवड्यातून दोनदा असे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं १८७७ साली इंदुरात आली, त्यांच्यामागे शाळा आल्या, दवाखाने आले. माझ्या वेळी मिशनरी गेलेले होते. मी सहावीत होते तेव्हा, १९७० साली, उत्तरेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि शाळेच्या पाटीवर काहीतरी बदललं, एवढंच मला समजलं. वर्गात निम्म्याहून जास्त आम्ही हिंदू मुली. शास्त्राचे गुण गणितासारखे निकालात धरत नसत, म्हणून घरून कुणी अभ्यासाला बसवत नसे. बहुतेक मुली मागच्या बाकावर भरतकाम करत. मीही केलं आहे.

बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. कुणी काही ठासून सांगितलं की त्या म्हणत, "कुठे लिहिलंय? दाखव." पुढे कळलं की हा नुसता बाईंचा स्वभाव नव्हता, प्रॉटेस्टंट पंथाचा कणाच तो होता. ३१ ऑक्टोबर १५१७ ला जर्मनीत विटेनबर्गला मार्टिन ल्यूथर नावाच्या मठवासी प्राध्यापकाने ९५ मुद्दे मांडले. भांडण पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांवरून होतं, ती पैसे घेऊन दिली जात. बाई म्हणत, "सराफ्यातल्या हुंडीसारखी. पैसे इथे भरा, वर वटवा." चार वर्षांनी वर्म्स शहरातल्या दरबारात बादशहासमोर उभं करून त्याला सांगितलं, लिहिलेलं मागे घे. तो म्हणाला, शास्त्रवचनांनी किंवा उघड युक्तिवादाने माझी चूक दाखवा, मग घेतो. पोप आणि धर्मपरिषदा चुकू शकतात, शेवटचा शब्द पुस्तकाचा.

मी हे घरी सांगितलं. आजोबा कीर्तनं ऐकलेले, चार संस्कृत वचनं तोंडपाठ असलेले. ते म्हणाले, "मग हे शब्दप्रमाणच की. आपल्याकडे वेद, त्यांच्याकडे बायबल." दुसऱ्या दिवशी मी ऐटीत बाईंना हे ऐकवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबांना विचार, ते प्रमाण वाचायचा अधिकार तुझ्या आजीला होता का?" ल्यूथरने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, जर्मनमध्ये आणला १५२२ साली, सबंध बायबल १५३४ साली, ते याच कारणासाठी. प्रमाण वाचता आलं नाही तर ते प्रमाण कसलं? मग बाईंनी पंडिता रमाबाईंचं सांगितलं. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल केलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच ते छापलं. आजीचा प्रश्न मी आजोबांना विचारला नाही. माझी छाती झाली नाही.

सहामाहीला मात्र माझं आणि बाईंचं वाजलं. प्रश्न होता, 'मनुष्याचं तारण कशाने होतं?' मी लिहिलं, सत्कर्मांनी. दया, दान, खरं बोलणं, सगळं ओळीने लिहिलं. बाईंनी लाल शाईने भोपळा दिला. पाचपैकी शून्य! मी रडले. चांगलं वागा म्हणून वर्षभर शिकवायचं आणि चांगलं वागल्याने काही मिळत नाही असं म्हणायचं, हा मला ढोंगीपणा वाटला. मी तोंडावर म्हटलंदेखील. बाई म्हणाल्या, "कुठे लिहिलंय? दाखव."

मी वाचनालयातून मराठी बायबल घरी नेलं आणि दोन रविवार घालवले. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याच्या पत्रांत सगळं बाईंच्याच बाजूचं. इफिसकरांस पत्रात तर साफ लिहिलेलं की तारण कृपेने, विश्वासाद्वारे होतं, ते देवाचं दान आहे, कर्मांनी होत नाही, कुणाला बढाई मारता येऊ नये म्हणून. मी नाद सोडणार होते. मग याकोबाचं पत्र आलं. दुसरा अध्याय, चोविसावं वचन. मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. मी कागदाची चिठ्ठी घालून ठेवली आणि रात्री झोप लागली नाही.

बाईंनी ते वचन दोनदा वाचलं. मला वाटलं होतं रागावतील, किंवा मोठ्यांचं ठेवणीतलं हसू हसतील. त्या म्हणाल्या, "बरोबर वाचलंस. उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की या मुलीने मला पुस्तकातून धरलं आहे. आणि हिच्याआधी हे वचन खुद्द ल्यूथरला बोचलं होतं. 'केवळ विश्वासाने' हे शब्द जसेच्या तसे बायबलात एकाच जागी येतात, याकोबाच्या पत्रात, आणि तिथे त्यांच्यापुढे 'नव्हे' आहे. रोमकरांस पत्रात ल्यूथरने जर्मन करताना 'केवळ' स्वतः घातला, भाषेला तो लागतोच असं त्याचं म्हणणं. याकोबाच्या पत्राला तर तो वैतागून गवताचं पत्र म्हणाला होता. पण बायबलातून काढलं नाही. आवडलं नाही म्हणून पान फाडायचं, हे चालत नाही.

मग त्यांनी खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड दाखवलं. "आंबे लागले म्हणून ते आंब्याचं झालं का?" नाही. ते आंब्याचं आहे म्हणून आंबे लागतात. पण दहा वर्षांत एक कैरीसुद्धा लागली नाही, तर माळी काय म्हणेल? पौल मुळाबद्दल बोलतो, याकोब फळाबद्दल. रोमन कॅथलिकांचं म्हणणंही त्यांनी तेव्हाच सांगितलं, आणि उपहास न करता: शास्त्राबरोबर परंपराही प्रमाण, बायबलात आमच्या ६६ ऐवजी ७३ पुस्तकं, आणि कृपेने सुरू झालेल्या कामात माणसाच्या सहकार्यालाही जागा. (१९९९ साली लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी नीतिमान ठरण्याबद्दल संयुक्त जाहीरनामा काढला, तेव्हा पेपरात वाचून बाईंची आठवण आली. पाचशे वर्षांच्या भांडणातलं थोडं मिटायला पाचशे वर्षं जवळजवळ लागलीच.)

माझ्या शून्याचे दोन झाले. पाच का नाहीत, हे विचारल्यावर म्हणाल्या, "फळाचे दिले. मुळाचे राहिले."

आजोबांना मी आंब्याचं झाड सांगितलं, तर ते माकड आणि मांजर घेऊन आले. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून ठेवतं, मांजरीच्या पिल्लाला आई मानगुटीने उचलून नेते. माणसाने देवाला धरायचं की देवच त्याला उचलून नेतो, यावरून रामानुजांच्या शिष्यपरंपरेत दोन तट पडले. "तुझ्या बाई मांजरवाल्या दिसतात," ते म्हणाले. बाईंना हे इतकं आवडलं की शेवटपर्यंत त्या माझ्याशी बोलताना स्वतःला मांजर म्हणत. मी ख्रिस्ती झाले नाही, बाईंनी कधी सुचवलंही नाही. पण कुणी ठासून काही सांगितलं की माझ्या तोंडून अजून निघतं, कुठे लिहिलंय, आणि त्यापायी सासरी, नोकरीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बरीच नावडती झाले आहे.

पुढे मी वडिलांच्याच टेबलावर आले. बाई निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्याआधी बँकेत आल्या. घराचं छत गळत होतं, थोडे पैसे हवे होते. फॉर्म मी भरत होते. तो रकाना आला आणि माझा पेन थांबला. तरी विचारावं लागलंच.

"बाई, तारण काय?"

दोघी इतक्या हसलो की पलीकडचे कॅशियर उठून बघायला लागले. बाईंनी रुमालाची गाठ सोडून दोन बांगड्या काढल्या. आमच्या सराफांनी घासून, तोलून भाव लावला आणि मी पावती केली. बाईंनी एकही हप्ता चुकवला नाही. शेवटचा भरून बांगड्या हातात घातल्या, पावतीवर सही केली आणि म्हणाल्या, "हे मात्र कर्मानेच सुटलं हो."