आईचा हिवताप आणि काचेवरचा थेंब

गेल्या पावसाळ्यात घणसोलीत आईला ताप आला. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल आहे." गोळ्या दिल्या, रक्त तपासायला सांगितलं नाही. ताप उतरला की आम्ही निर्धास्त व्हायचो. दिवसाआड दुपारी मात्र हुडहुडी भरायची. दोन गोधड्या घालूनही दात वाजायचे, मग दरदरून घाम आणि ताप गायब. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, थंडी वाजून ताप येतोय ना, मग आधी रक्त तपास!"

महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत झाली. ताईंनी आईच्या बोटाला सुई टोचली. एक थेंब रॅपिड टेस्टच्या कार्डावर टाकला आणि दोन काचेवर घेतले. त्यातला एक तसाच जाड ठेवला, दुसरा दुसऱ्या काचेच्या कडेने ओढून जिभेच्या आकारात पातळ पसरवला. दोन कशाला, असं मी विचारलं. जंतू थोडे असले तरी जाड थेंबात सापडतात, पातळात त्यांची जात नीट ओळखू येते, आणि औषध जातीवर ठरतं, असं त्यांनी समजावलं. वीसेक मिनिटांत कार्डावर व्हायवॅक्स या हिवतापाच्या जंतूच्या जातीची फिकट रेष उमटली. दुसऱ्या दिवशी स्लाइडनेही तेच सांगितलं.

व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो, महिन्यांनी पुन्हा उलटतो. म्हणून क्लोरोक्वीन 3 दिवस आणि प्रायमाक्वीन 14 दिवस. प्रायमाक्वीनआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली, कारण ते एन्झाइम कमी असेल तर या गोळीने रक्तपेशी फुटतात. तिसऱ्या दिवशी आईला बरं वाटलं आणि "आता कशाला गोळ्या?" सुरू झालं. मी रोज समोर बसून गोळी दिली.

मग आरोग्य कर्मचारी घरी आले. आमचं, शेजाऱ्यांचं, समोरच्या बांधकामावरच्या मजुरांचंही रक्त घेतलं. एका मजुराचं पॉझिटिव्ह आलं, तो अंगदुखी समजून कामावर जात होता. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलेलं होतं. कर्मचाऱ्याने पळीभर पाणी काढून दाखवलं: हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलिस डासाच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या पडून होत्या.

मला ते पाच दिवस अजून छळतात. व्हायवॅक्सची डासांना लागण करणारी रूपं रक्तात लवकरच येतात. आई नुसत्या पॅरासिटामॉलवर होती तेव्हा तिला चावलेला डास पुढे कुणाला चावला असेल? पहिल्याच दिवशी बोट टोचलं असतं तर आईही लवकर सुटली असती आणि डासाची वाटही अडली असती. आता बिल्डिंगमध्ये कुणाला ताप आला की मी स्वतः त्यांना घेऊन केंद्रात जाते. टाकीचं नवं झाकण आम्ही त्याच आठवड्यात बसवलं.