फॉर्ममध्ये कुत्र्याची जात का विचारत नाहीत

घरविम्याच्या फॉर्मवर कार्पेट एरिया विचारतात, इमारतीचं वय विचारतात. कुत्र्याबद्दल एक ओळही नसते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये रॉटवायलर पाळा की खारघरच्या रो-हाऊसमध्ये गावठी, हप्ता एकच. बरेच जण यावर खूश होतात. पण जात विचारत नाहीत, कारण तुमचा कुत्रा कुणाला चावला तर ती जोखीम या पॉलिसीने घेतलेलीच नसते.

अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिकडच्या घरविम्यात घराबरोबर मालकाची कायदेशीर जबाबदारीही येते, साधारण १ ते ३ लाख डॉलरपर्यंत. कुत्रा चावला की भरपाई त्यातूनच जाते. २०२३ साली तिकडच्या विमा कंपन्यांनी अशा दाव्यांपोटी १०० कोटी डॉलरहून जास्त दिले, म्हणून फॉर्मवर जात आणि आधी चावल्याचा इतिहास विचारतात. पिटबुल, रॉटवायलर, अकिता, काही ठिकाणी जर्मन शेफर्ड आणि हस्कीसुद्धा कंपन्यांच्या धोकादायक जातींच्या यादीत असतात. मग कंपनी हप्ता वाढवते, कुत्र्यापुरती भरपाईची मर्यादा खाली आणते, कुत्रा वगळते, नाहीतर पॉलिसीच नाकारते. न्यूयॉर्क, नेवाडा अशा राज्यांनी निव्वळ जातीवरून असं करायला कायद्याने मनाई केली आहे. तिथेही त्या कुत्र्याचा चावण्याचा इतिहास बघता येतो. मुलगा-सून तिकडे घर घेत असतील तर एवढंच सांगा, की पिटबुल क्रॉसला ‘लॅब मिक्स’ लिहू नका. दाव्याच्या वेळी पशुवैद्याचे कागद मागवले जातात आणि खोटी माहिती दिली म्हणून दावा फेटाळला जातो.

आता आपल्याकडे या. १ एप्रिल २०२१ पासून इथली प्रमाणित घरविमा पॉलिसी म्हणजे भारत गृह रक्षा. हिशेब सोपा आहे. ६५० चौरस फूट कार्पेट आणि बांधकाम खर्च ३,००० रुपये फूट धरला तर इमारतीची विमा रक्कम १९.५० लाख. सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ३.९० लाख, आपोआप मिळतात. या आपोआप मिळणाऱ्या रकमेला १० लाखांची कमाल मर्यादा आहे. आग, वीज, भूकंप, पूर, पाण्याची टाकी किंवा पाईप फुटणं हे सगळं आत. शेजाऱ्याचं, कुरिअरवाल्याचं, लिफ्टमधल्या मुलाचं नुकसान बाहेर. कुत्र्याने कुरतडलेला सोफाही बाहेर. जुन्या प्रमाणित आगविमा पॉलिसीत ‘जनावर’ हा शब्द होता, पण जनावराच्या धडकेने झालेलं नुकसान तेव्हाच मिळायचं जेव्हा ते जनावर तुमचं नसेल!

कुत्र्याने वॉशिंग मशीनचा इनलेट पाईप चावला, तुम्ही ऑफिसात, नळ चालू. संध्याकाळपर्यंत तुमची लादी फुगली आणि खालच्या मजल्यावरचं फॉल्स सीलिंग खाली आलं. सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणारा माणूस, आधी पाईपचा तुकडा हातात घेतो. दाबाने फुटला तर कड फाटलेली दिसते, चावला असेल तर दातांची भोकं दिसतात, आणि मग तुमच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यावरही वाद सुरू होतो. खालच्यांचं सीलिंग तर दोन्ही बाबतींत तुमच्या खिशातून. स्टीलच्या जाळीचा पाईप बसवा, आणि बाहेर पडताना नळ बंद करा.

जबाबदारीचं कव्हर हवं असेल तर दोन दारं आहेत. एक, गृहधारकांची पॅकेज पॉलिसी, ज्यात सार्वजनिक जबाबदारीचा वेगळा विभाग असतो. तो मागून घ्यावा लागतो आणि त्यात पाळीव प्राणी वगळलेत का ते वाचावं लागतं. दुसरं, कुत्र्याचा विमा, त्याला जोडून तृतीय पक्ष जबाबदारी, म्हणजे बाहेरच्या माणसाला द्यावी लागणारी भरपाई. जात पुढे येते ती या दुसऱ्या दारात. मोठ्या जाती कमी जगतात, त्यांना कंबरेच्या सांध्याचे आजार लवकर होतात, म्हणून त्यांना विम्यात घेण्याची वयोमर्यादा लवकर संपते आणि हप्ता जास्त बसतो. ग्रेट डेन चार वर्षांचा झाल्यावर चौकशी सुरू करू नका. इंडीला, म्हणजे आपल्या गावठीला, हप्ता सहसा कमी. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर काही कंपन्या सूट देतात. घरच्यांना आणि कामवाल्या मावशींना चावलं तर मात्र हे कव्हर सहसा चालत नाही.

सरकारी यादीचं काय, असं सोसायटीच्या सभेत हमखास विचारलं जातं. केंद्राने १२ मार्च २०२४ रोजी २३ ‘आक्रमक’ जातींवर बंदीचं पत्रक राज्यांना पाठवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवलं. त्या पत्रकाच्या जोरावर सोसायटी कुणाला घर सोडायला लावू शकत नाही. पण जात यादीत नाही म्हणून मालक सुटतो असंही नाही. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की चावला, २०२५ मध्ये मालकाला ४ महिन्यांची शिक्षा झाली. हस्की त्या यादीत नव्हता. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जात बघत नाही, निष्काळजीपणा बघतं: ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दंड कुठलीच विमा कंपनी भरत नाही, ती फक्त दिवाणी भरपाई भरते.

प्रत्यक्ष चावल्यावर पहिली पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुण्यात घालवा, मग दवाखाना. दंडातल्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. प्रत्येक केसपेपरची प्रत ठेवा. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा, सोबत पालिकेचा परवाना आणि चालू रेबीज लसीचं प्रमाणपत्र जोडा. लशीची तारीख उलटलेली असेल तर दावा तिथेच अडकतो, आणि हे सर्रास होतं.

एक चूक मात्र बहुतेक सगळे करतात. रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात, ‘आमची चूक आहे, सगळा खर्च आम्ही देऊ.’ जबाबदारीच्या विम्यात कंपनीच्या संमतीशिवाय चूक किंवा रक्कम कबूल करायची नाही, अशी अट असते. माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात न्या, पहिलं बिल भरा, विचारपूस करा. ग्रुपवर आकडा लिहू नका.

पॉलिसी घेण्याआधी कंपनीला तीन प्रश्न ईमेलने पाठवा: माझ्या कुत्र्याची ही जात चालते का, लिफ्ट आणि जिन्यात चावला तर कव्हर आहे का, आणि एका घटनेला कमाल किती. उत्तरही ईमेलनेच मागा. फोनवरच्या ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ची प्रिंट काढता येत नाही.