तीच सही

मंगळवार, रात्री

सकाळी शेजारच्या काकूंना घेऊन तहसील कचेरीत गेलो होतो. हयातीचा दाखला द्यायचा होता. रांगेत उभ्या असताना काकू म्हणाल्या, "आमचे सासरे सांगायचे, हे निराधारचे पैसे अंतुल्यांनी चालू केले." दाखला देऊन घरी आलो, पण ते नाव काही डोक्यातून गेलं नाही.

अ. र. अंतुले. आंबेतचे बॅरिस्टर, श्रीवर्धनचे आमदार, जून १९८० मध्ये मुख्यमंत्री. खुर्ची जेमतेम दीड वर्ष टिकली. तेवढ्यात निराधारांना मदत देणारी संजय गांधी निराधार योजना आली, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले, कुलाब्याचा रायगड झाला. फाईल महिनोन् महिने फिरत राहणं त्यांना खपत नसे. निर्णय जागच्या जागी. हा उरक मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. घर बांधायचं तर परमिट हवं, नाहीतर काळ्या बाजारात जा. वाटपाची किल्ली सरकारच्या हातात. इकडे अंतुल्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारखे ट्रस्ट काढले. बिल्डरांनी ट्रस्टला देणगी द्यायची आणि त्यांना सिमेंट मिळायचं. ऑगस्ट १९८१ मध्ये पत्रकार अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये हे उघडं केलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला.

पैसा चेकनं घेतला, ट्रस्टसाठी घेतला, असं त्यांच्या बाजूनं म्हटलं जायचं. मी या युक्तिवादाशी बराच वेळ झगडलो. पण सिमेंटचं पोतं त्यांचं नव्हतंच. ते दोन खोल्यांसाठी अर्ज करून थांबलेल्या कुणाचं तरी होतं. हेतू कितीही चांगला असो, दुसऱ्याच्या वाट्याच्या वस्तूवर देणगी उभी करायची नसते. ज्या सहीनं निराधारांना आधार दिला, तीच सही इथेही होती. मधे कुणी थांबवणारं नको, ही वृत्ती दोन्हीकडे एकच.

त्यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला पुढे वर्षानुवर्षं चालला. भाजपचे नेते रामदास नायक यांनी तो नेटानं लढवला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दंडसंहितेच्या व्याख्येप्रमाणे आमदार हा लोकसेवक नाही, त्यामुळे लोकसेवकावर खटला भरायला लागते तशी पूर्वपरवानगी इथे लागत नाही. निकाल खटल्याला वाट करून देणारा होता, तरी ते वाक्य वाचून मी थबकलो. लोकांनी निवडलेला माणूस लोकसेवक नाही! १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात व्याख्या रुंदावली हे बरं झालं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आपलाच आधीचा आदेश चुकीचा ठरवला. अंतुले पुढे खासदार झाले, केंद्रात मंत्री झाले. २०१४ मध्ये गेले. मुख्यमंत्रिपद मात्र पुन्हा मिळालं नाही.

काकूंचं घर त्याच सुमाराला बांधलेलं आहे. उद्या त्यांना विचारायचं आहे, सासऱ्यांनी तेव्हा सिमेंट कुठून आणलं होतं.