तुम्ही विचारलंत म्हणून: खाणीत फोन का लागत नाही

"चंद्रावरून व्हिडिओ येतो आणि तुमच्या खाणीत 300 मीटर खालच्या माणसाला फोन लागत नाही, हे कसं काय हो?" कोळसा खाणीत कम्युनिकेशनचं काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. इतकी वर्षं हसून सोडला, आज लिहूनच टाकतो.

चंद्राच्या वाटेत मोकळी जागा आहे, आमच्या वाटेत दगड. मोबाइलच्या लहरी त्यात थोड्याशा अंतरात मरतात. दगड पार करायचा तर फ्रिक्वेन्सी खूप खाली आणावी लागते, मग अँटेना म्हणजे तारेचं भलंमोठं वेटोळं होतं आणि बोलणं राहिलं बाजूला, जेमतेम टेक्स्ट मेसेज जातो. पॉवर वाढवा म्हणाल, तर हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की मिलीज्यूलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ठिणगीही पुरते, म्हणून खाली न्यायचं प्रत्येक यंत्र बिघडलं तरी पेटवणार नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. थोडक्यात, वरून ओरडता येतं, खालून कुजबुजावं लागतं.

आणि कायदा करा म्हणणाऱ्यांनो, केलाय. अमेरिकेत जानेवारी 2006 मधे सागो खाणीत स्फोट झाला, 12 जण गेले, त्यातले 11 आत अडकून कार्बन मोनॉक्साइडनं, आणि घरच्यांना आधी कळलं की 12 जिवंत आहेत. त्याच वर्षी मायनर ॲक्ट आला, 3 वर्षांत दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं वायरलेस हवं म्हणून. 2009 उजाडलं तेव्हा संपूर्ण वायरलेस अजून तयार नाही हे तिथल्या नियामकांनाच मानावं लागलं, आणि लीकी फीडर चालवून घेतलं. म्हणजे जिच्यातून मुद्दाम सिग्नल गळू देतात अशी केबल. वायरलेस मागितलं, वायर मिळाली! हा किस्सा मी विनोद म्हणून सांगायचो.

कोळसा वाहून नेणाऱ्या बेल्टच्या ड्राइव्हला, म्हणजे तो फिरवणाऱ्या यंत्राला, आग लागली त्या शिफ्टला कंट्रोल रूममधे मीच होतो. धूर, मग त्याच पट्ट्यात छत कोसळलं आणि केबल गेली. रेडिओवर नुसती खरखर. स्क्रीनवर मात्र सहा टॅग (प्रत्येक कामगाराच्या अंगावर असतो, तो कुठे आहे ते कळवतो), सहाही हिरवे, एकाच जागी. आता हिरवा म्हणजे "इथे आहे" नाही, "शेवटचा इथे दिसला", हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं कारण सिस्टिम मीच बसवलेली. तरी रेस्क्यू टीमच्या कॅप्टननं विचारलं, "कुठे आहेत?" आणि मी म्हणालो, "तिथेच आहेत." दिसले होते असं नाही म्हणालो. आहेत म्हणालो. टीम धुरात घुसली, रिकाम्या जागेकडे. ते सहा जण तोवर दुसऱ्या वाटेनं दोरी धरून निघाले होते, साधी लाइफलाइन, तिच्यावर शंकू असतात, बाहेरच्या दिशेनं हात सरकवला तर गुळगुळीत लागतात, उलट गेलात तर अडतात, दिवा नको, बॅटरी नको. सहाही वर आले. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी एक जण परतताना पडला, त्याचा पाय अजून नीट नाही. भेटतो, बाकी सगळं बोलतो, हे सोडून.

चौकशीत सिस्टिम नियमाप्रमाणे निघाली. होतीच हो! बॅटरी बॅकअप होता, चाचण्यांच्या नोंदी होत्या, खाली माझ्या सह्या. सिस्टिम चालते का एवढंच त्या फॉर्मवर होतं, छत पडल्यावर चालेल का हा रकानाच नव्हता. दुसरी केबल वेगळ्या वाटेनं टाका असं मी एकदा लिहिलं होतं, खर्चावर अडलं. दुसऱ्यांदा लिहिलं नाही, हेही खरं. तेव्हा मी म्हणायचो की नियम म्हणजे नुसता खोडा, मंजुरी हातात पडेपर्यंत यंत्र जुनं होतं. ते आजही पटतं मला, काय करू. पण तोच खोडा काढला तर खाली पहिला फोन कोण नेईल आणि त्याची बॅटरी कशी असेल, याचाही विचार येतो.

आता संपर्क तुटला की टॅग करडा होतो आणि शेजारी किती मिनिटं झाली ते दिसतं, एवढं मी करून घेतलं. ऑपरेटर वैतागलेत, बारीकसारीक बिघाडालाही अर्धी स्क्रीन करडी होते म्हणे. मागच्या आठवड्यात ते बंद करा म्हणून अर्ज आलाय. उत्तर दिलेलं नाही अजून.