गुडघ्याएवढे रान

डिसेंबरातील एका सकाळी, दोडामार्गाकडच्या आमच्या गावच्या राईत, आवळ्याच्या झाडापासून दहा-बारा पावलांवर, एका जांभ्या दगडाच्या आडोशाला मला आवळ्याच्या बियांचा लहानसा ढीग दिसला. बियांवर गराचा अंशही उरला नव्हता, त्यांची टणक, धारदार कवचे ओलसर आणि स्वच्छ होती, एकही बी फुटलेली नव्हती आणि शेजारच्या मऊ मातीत खुरांचे दोन बारीक, टोकदार ठसे उमटले होते. आयुष्यभर याच रानात गुरे राखलेले शेजारचे आबा सोबत होते. ते वाकून बघत म्हणाले, "बाय, ह्या भेकराचा काम. खाता थय आणि ओकता हय."

आबांनी एका वाक्यात सांगितले ते वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मी अनेक वर्षे शिकवत आले आहे. भेकर हा हरणाच्या जातीचा, रवंथ करणारा लहान प्राणी. झाडाखाली उघड्यावर जास्त वेळ थांबणे धोक्याचे असल्यामुळे तो फळे भराभर गिळतो, झुडपाच्या किंवा दगडाच्या आडोशाला जाऊन बसतो आणि रवंथ करताना टणक बिया तोंडावाटे टाकून देतो. उत्तरेकडील राजाजी राष्ट्रीय उद्यानात आवळ्याच्या फळांचा अभ्यास झाला तेव्हा चितळ हेच काम करताना आढळले होते. मूळ झाडाच्या दाट सावलीपासून दूर पडलेल्या अशा बीला उगवण्याची संधी मिळते. हरीण रान खाते हे सर्वांना ठाऊक असते. ते रान पेरतेही, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही.

हा विषय माझ्या मनात बराच काळ घोळत आहे तो अमेरिकेतील वन्यजीव परिसंस्थांचे अभ्यासक विल्यम मॅकशे यांच्या संशोधनामुळे. व्हर्जिनिया राज्यात लांडगा आणि प्यूमा हे मोठे शिकारी प्राणी नाहीसे झाल्यानंतर आणि शिकारीवर कायद्याने बंधने आल्यानंतर पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अतोनात वाढली. जंगल वरून हिरवेगार दिसत होते, परंतु माणसाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत जवळजवळ काहीच शिल्लक राहत नव्हते, कारण तेथे येणारे प्रत्येक रोप हरणे खुडून टाकत होती. मॅकशे आणि त्यांचे सहकारी जॉन रॅपोल यांनी प्रत्येकी ४ हेक्टरांचे ८ तुकडे निवडले, त्यांतील ४ तुकड्यांना हरणे आत जाऊ नयेत म्हणून कुंपण घातले आणि ९ वर्षे तेथील झाडोरा व पक्षी यांच्या नोंदी ठेवल्या. हे काम २००० साली प्रसिद्ध झाले.

कुंपणाच्या आत खालचा झाडोरा दाटला आणि पक्ष्यांची संख्या वाढली, विशेषतः जमिनीवर आणि मधल्या थरात वावरणाऱ्या पक्ष्यांची. तरीही पक्ष्यांच्या जातींची विविधता वाढली नाही. झाडोरा जसजसा दाट होत गेला तसतसे विरळ झुडपांत राहणारे पक्षी मागे हटले आणि दाट झुडपांतले त्यांच्या जागी आले. या संशोधनातील हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. हरणे बंद केली की सारे पक्षी परत येतील, असे सोपे उत्तर त्यातून निघत नाही. झाडोऱ्याची प्रत्येक अवस्था कोणाला तरी घर देते आणि कोणाचे तरी घर काढून घेते, हे निघते. एका वर्षाच्या नोंदीवर समाधान मानले असते तर हे कधीच दिसले नसते.

याच मॅकशे यांनी म्यानमारमध्ये थामिन या हरणावर काम केले. चाट्थिन अभयारण्य आणि मध्य म्यानमारमधील उरलेली शुष्क जंगले हे त्यांचे तेथील क्षेत्र. तेथील प्रश्न व्हर्जिनियाच्या नेमका उलट होता. शिकार आणि जंगलतोड यांमुळे थामिन आपल्या मूळ प्रदेशातील बहुतेक भागातून हद्दपार झाले होते. एका ठिकाणी हरणे जास्त झाल्यामुळे जंगल आजारी, दुसऱ्या ठिकाणी जंगल आणि हरणे दोन्ही आक्रसत चाललेली, आणि अभ्यासक एकच. आपले कोकण यांपैकी कोणत्या बाजूला आहे, हे ठरवायला फार विचार करावा लागत नाही.

आपल्याकडेही गुडघ्याएवढे रान नाहीसे होत आहे, परंतु ते हरणांनी खाल्लेले नाही. कोकणातील बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. मालकाला पैशांची गरज पडली की ठेकेदार येतो, ऐन, किंजळ, जांभूळ सरसकट तोडले जातात आणि दोन वर्षांत त्या जागी काजूची कलमे उभी राहतात. काजू लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. माझ्या माहेरचे घरही काजूवरच उभे राहिले. परंतु काजूच्या बागेत दरवर्षी बेणणी होते, म्हणजे झाडांखाली उगवलेले सारे काही कोयत्याने किंवा यंत्राने जमिनीलगत कापले जाते. त्यात रानातील झाडांची रोपेही जातात आणि भेकराला बसायला आडोसा उरत नाही. उन्हाळ्यातील वणवा उरलेले काम पुरे करतो. दुरून पाहणाऱ्याला सारा डोंगर हिरवा दिसतो आणि कोकणात जंगल वाढत आहे असे तो आनंदाने सांगतो.

या बदलात सर्वांत आधी जाते ती पिसोरी, हरणासारखा दिसणारा एक छोटा प्राणी. सशापेक्षा थोडी मोठी, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे असलेली, शिंगे नसलेली, रात्री फिरणारी. शास्त्रीय दृष्ट्या ती खऱ्या हरणांच्या कुळातीलही नाही. तिचे कूळ वेगळे आणि फार जुने आहे. झुडपांच्या गचपणात, झाडाच्या मुळांच्या पोकळीत ती दिवस काढते. गचपण गेले की तिला जागाच नाही. गावातील साठीच्या पुढच्या प्रत्येकाने पिसोरी पाहिलेली आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही पाहिलेली नाही.

आणि फासकी. रानडुकरे भातशेतीची नासाडी करतात हे खरे आहे आणि ते सोसणाऱ्याचे दुःख मी जवळून पाहिले आहे. परंतु पायवाटेवर लावलेली तार डुक्कर कोणते आणि भेकर कोणते हे ओळखत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याच कुणग्याच्या, म्हणजे भातखाचराच्या, बांधाजवळ एक मादी भेकर अशा तारेत सापडली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती मेलेली होती आणि तार पायाच्या हाडापर्यंत रुतली होती. तार कोणी लावली हे गावात सर्वांना ठाऊक होते आणि कोणीही बोलले नाही. मीही बोलले नाही, याची खंत मला आजही आहे.

२०२० साली दोडामार्गाजवळच्या तिलारी परिसरातील २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले, ही मोठी गोष्ट आहे. वाघांच्या येण्याजाण्याची तेथे चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण वाघाला खायला सांबर लागते, भेकर लागते, आणि त्यांना लागतो तो आडोसा राखीव क्षेत्राच्या रेषेबाहेर, मालकीच्या रानात आणि गावच्या राईत.

राईची गोष्ट त्यातही वेगळी आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला तेव्हा या देवरायांनी जपलेल्या वनस्पतींकडे साऱ्यांचे लक्ष गेले. देवाच्या धाकाने आमच्या राईत आजही कोणी झाड तोडत नाही. परंतु अलीकडे जत्रेआधी राई 'साफ' करण्याची पद्धत पडली आहे. मोठी झाडे जशीच्या तशी राहतात आणि त्यांच्या खालचे सारे कापून, ओढून, जाळून टाकले जाते. हे लोक भक्तिभावानेच करतात, म्हणून त्यांना ते नुकसान वाटत नाही. मात्र आजचा सातवीण किंवा किंजळ उन्मळून पडेल तेव्हा त्याची जागा घ्यायला खाली कोणी वाढत नसेल.

या वर्षी मानकऱ्यांच्या बैठकीत मी आवळ्याच्या त्या बिया रुमालात बांधून नेल्या आणि देवळामागची बाजू, ओहोळापर्यंत, काही वर्षे कापू नये अशी विनंती केली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आबांनी बिया हातावर घेतल्या, शेजारच्याला दाखवल्या आणि त्या आपोआप बैठकभर फिरल्या. देवळापुढचे अंगण आणि पालखीची वाट साफ करायची, मागची बाजू पुढच्या जत्रेपर्यंत तशीच ठेवायची, असे ठरले. एकाच वर्षाची मुदत मिळाली आहे. बिया मी त्याच दगडाआड परत ठेवून आले.