पियानोच्या पोटातला बल्ब

इंग्लंडमधल्या संगीत महाविद्यालयांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. तिकडे जाऊन वाजवून दाखवणं आम्हाला परवडणारं नव्हतं, म्हणून व्हिडिओ. अट जीवघेणी: रचना सुरू झाली की संपेपर्यंत एकच टेक, काटछाट नाही, हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. कुरकुरले, तर माझ्या पियानोच्या मिस म्हणाल्या, “वॉर्सातल्या शोपँ पियानो स्पर्धेलासुद्धा आधी व्हिडिओच मागतात. सवय लावून घे.”

बाख आणि शोपँच्या रचना दोन दिवसांत आटोपल्या. अडलं ते बेथोवनच्या ‘वाल्डश्टाइन’ सोनाटावर. सुरुवातीलाच सी मेजरचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे काही सूर, अगदी हळू आवाजात, एकसारखा परतपरत. ही सोनाटा 1803-04 मधली. त्याच सुमारास त्याच्याकडे पॅरिसहून एरार कंपनीचा नवा पियानो आला होता. माझ्याकडे होता चाळीस वर्षांचा अपराइट, म्हणजे उभा पियानो, आणि ठाण्याच्या नौपाड्यातला सप्टेंबर. त्या कॉर्डमधली ई सुराची पट्टी दाबली की वर यायला आळस करायची. जोरात वाजवलं तर चालून जायचं, हळू वाजवलं की एक ठोका गायब!

ट्यूनर आले, पुढची फळी काढली, पट्टी उचलून बघितली. “दमटपणा. आतलं फेल्ट फुगलंय.” सूरही मधल्या सप्तकात चढले होते. त्यांनी फेल्ट जरा दाबून सैल केलं, सूर उतरवले आणि ओल सुकवायला खाली कोपऱ्यात चाळीस वॉटचा बल्ब लावून दिला. दिवसरात्र चालू ठेवायचा.

आता वेळ. संध्याकाळी तलावपाळीकडे निघालेल्या गणपतींचे ढोल, दुपारी वरच्या मजल्यावर फरशीकाम. उरली पहाट. शेजारच्या काकूंना विचारायला गेले, तर म्हणाल्या, “पाच वाजता ना? मी तशीही उठलेलीच असते. ते पहिलं घरघरणारं वाजवणार आहेस का?”

पंखा बंद, खिडक्या बंद. चौथ्या टेकपासून घामानं बोटं घसरायला लागली. बाबा पंचा घेऊन कॅमेऱ्यामागे उभे. अकरावा टेक तिसऱ्या दिवशी जमला. ई वर आली, दर वेळी. फळी परत बसवायचं मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्यांनी ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. बेथोवनबद्दल काय काय बोलायचं ते मी पाठ करून बसले होते. समोरच्या बाईंनी पहिलंच विचारलं, पियानोच्या आत तो दिवा कसला?