90 बैलजोड्या आणि तीन मुलं

न्यू हॅम्पशायरमधल्या एका निवासी शाळेत मी अमेरिकेचा इतिहास शिकवते. इथली नोकरी तासांवर संपत नाही. रात्री दहाला मुलींच्या वसतिगृहाची फेरी माझ्याकडे असते, त्यामुळे वर्गात काही चुकलं की ते रात्री दारात येऊन उभं राहतं.

त्या दिवशी धडा होता नॉइज अकॅडमीचा. आमच्याच राज्यातल्या केनन गावात 1835च्या मार्चमध्ये कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवणारी ही शाळा सुरू झाली. 10 ऑगस्टला गावकऱ्यांनी 90च्या आसपास बैलजोड्या लावून तिची इमारत पायावरून ओढून काढली.

हा तास मी जीव ओतून घेते. माझं लहानपण सातारा जिल्ह्यात, गोठ्याच्या शेजारी गेलं. मुलांना वाटतं, बैल जुंपले की चालले. मग मी फळ्यावर जू काढते. आपल्याकडे शिवळा, म्हणजे मानेच्या बाजूच्या खुंट्या असतात, इथल्या जुवाला मानेखालून वाकवलेली लाकडी कमान. उजवीकडे वळवायला ‘जी’, डावीकडे ‘हॉ’. बैलाचा स्वभाव मात्र तोच. शेजारी अनोळखी बैल आला की बुजतो. दोन जोड्यांनी एका दमात ओढायचं तरी मुरलेला गडी लागतो, कारण एक जोडी जराशी मागे सरली की तिचा भार दुसरीच्या मानेवर. मग 90 जोड्या? एवढे बैल चिडलेल्या माणसांना वाटेत सापडत नाहीत. सांगून ठेवावे लागतात, आजूबाजूच्या गावांतून आणावे लागतात, साखळदंड गोळा करावे लागतात. आणि झालंही तसंच होतं. गावाने रीतसर सभा भरवली, ठराव केला, समिती नेमली. पाठ्यपुस्तकं ‘जमावाने शाळा पाडली’ असं लिहून मोकळी होतात, त्याचा मला फार राग येतो. जमाव कसला, अख्खी गावसभा होती ती!

तास रंगला. रात्री फेरीला गेले, तर त्याच वर्गातली एक कृष्णवर्णीय मुलगी दारात थांबलेली. म्हणाली, “मिस, बैलांना तुम्ही चाळीस मिनिटं दिलीत. गार्नेटला पाच.”

मला काही बोलताच आलं नाही.

गार्नेट म्हणजे नॉइज अकॅडमीचा विद्यार्थी, हेन्री हायलँड गार्नेट. तेव्हा 19चा. मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मलेला, लहानपणी घरच्यांबरोबर निसटलेला, एका पायाने अधू. अलेक्झांडर क्रमेल 16चा, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांएवढा. तिसरा थॉमस सिडनी. न्यूयॉर्कहून बोटीने निघाले, तर केबिन नाही. रात्रभर उघड्या डेकवर, अंथरूण नाही, खायला नाही. बॉस्टनपासून पुढे घोडागाडीच्या टपावर. खाणावळीत क्वचितच कुणी जेवू घाललं, निवारा कुठेच नाही. गार्नेट गेल्यावर 1882 मध्ये केलेल्या भाषणात क्रमेलने हे सगळं सांगितलंय.

असे हाल सोसून पोरं शाळेत पोचली होती. मान खाली घालून अभ्यास केला असता तर कोण नावं ठेवणार होतं? पण 4 जुलैला, देश स्वातंत्र्यदिन साजरा करत असताना, प्लिमथ गावच्या सभेत तिघंही गुलामगिरीविरुद्ध बोलले. पुढे गावात वातावरण तापलं तेव्हा गार्नेटच्या पुढाकाराने मुलं राहत्या घरात बंदुकीच्या गोळ्या ओतत होती. एका रात्री घोडेस्वाराने घरावर गोळी झाडली, तर गार्नेटने खिडकीतून दुनळी चालवून उत्तर दिलं. शेवटी गाव सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या गाडीच्या रोखाने लोकांनी तोफेचा बार काढला.

माझ्या टिपणांच्या वहीत प्लिमथच्या सभेबद्दल एवढंच आहे: ‘4 जुलै, विद्यार्थ्यांची भाषणं.’ बैलांवर मात्र सव्वा पान.

गुरुवारी दुसऱ्या तुकडीला हाच तास आहे. सुरुवात बोटीच्या डेकपासून करायची, एवढं ठरवलंय. गावसभेचा ठराव गाळायला मन तयार नाही. तो नसेल तर मुलं पुन्हा ‘जमाव’ म्हणून मोकळी होतील. फळ्यावर जू काढायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये.